पात्यावरचा चेहरा

आमच्या आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत, घराच्या कागदपत्रांखाली एक चपटी डबी होती. तीत त्यांचे दाढीचे सामान असे. पितळी सेफ्टी रेझर, केस झडून निम्मा झालेला ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा आणि ब्लेडचे एक रिकामे, पिवळे पडलेले वेष्टन. वेष्टनावर भरघोस मिशांच्या एका गोऱ्या गृहस्थाचा चेहरा छापलेला होता. लहानपणी मला तो कुणी मोठा देशभक्त किंवा समाजसुधारक वाटे. आजोबांनी आमच्याकडे टिळक-आगरकरांचे फोटो लावले होते, त्यांच्याच मालिकेतला हाही एक, अशी माझी समजूत. हा माणूस ब्लेडचा कारखानदार आहे हे कळले तेव्हा मी थोडा हिरमुसलो. स्वतः मिशा राखून साऱ्या जगाची दाढी करणारा माणूस, एवढीच गंमत तेव्हा लक्षात राहिली.

पुढे बँकेतून निवृत्त झाल्यावर, एका कादंबरीच्या निमित्ताने जुन्या व्यापाराविषयी वाचत असताना हा चेहरा पुन्हा भेटला आणि लहानपणीची माझी समजूत अगदीच चुकीची नव्हती हे ध्यानात आले. किंग कँप जिलेट हा खरोखरच स्वतःला समाजसुधारक समजत होता. ब्लेड हा त्याच्या आयुष्यातला जोडधंदा होता, असे म्हटले तरी चालेल. जगाने मात्र जोडधंदा तेवढा घेतला आणि मूळ काम परत केले.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. बालपण शिकागोत गेले. नावातच 'राजा' असला तरी घराणे मध्यमवर्गीय होते. वडिलांना यंत्रांशी खटपट करण्याचा नाद. आई फॅनी पाककलेत निष्णात. तिचे 'व्हाइट हाऊस कुकबुक' हे पाकपुस्तक १८८७ साली निघाले आणि पिढ्यान्‌पिढ्या खपत राहिले. १८७१ च्या शिकागोच्या भीषण आगीत वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा जळून गेला आणि सोळा वर्षांचा किंग पोटापाण्याला लागला. पुढची पंचवीस-तीस वर्षे तो फिरता विक्रेता होता. गाडीतून उतरायचे, नमुन्यांची पेटी उचलायची, दुकानदाराला गाठायचे, पुढची गाडी पकडायची. फावल्या वेळात भावांप्रमाणे आणि वडिलांप्रमाणे काहीबाही शोध लावायचा. त्याने काही पेटंटेही मिळवली होती. पैसा मात्र कुणा दुसऱ्यालाच मिळाला.

या भटकंतीत त्याने जे पाहिले त्याने तो अस्वस्थ झाला. एकाच गावात एकाच मालाची दहा दुकाने. दहा मालक एकमेकांचे गळे कापताहेत, आणि त्या दहांच्या मागे आपल्यासारखे शंभर विक्रेते त्याच रस्त्याने धावताहेत. किती श्रम, किती वेळ, किती माल फुकट जातो! साऱ्या दुःखाचे मूळ या स्पर्धेत आणि तिच्यातून होणाऱ्या उधळपट्टीत आहे, असे त्याच्या मनाने घेतले. १८९४ साली त्याने 'द ह्यूमन ड्रिफ्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात योजना अशी, की देशातल्या साऱ्या उद्योगांची मिळून एकच कंपनी असावी आणि तिचे भागधारक सगळे नागरिक असावेत. नायगाराच्या धबधब्याजवळ एकच महानगर वसवावे, धबधब्याच्या शक्तीवर वीज निर्माण करावी आणि सुमारे सहा कोटी माणसांनी तिथल्या उंच, एकसारख्या इमारतींतून राहावे. जेवणखाण सार्वजनिक भोजनगृहांत. घरोघरच्या चुलींसाठी पाकपुस्तक लिहिणाऱ्या बाईचा मुलगा असे स्वप्न पाहत होता.

हे पुस्तक लिहिताना जिलेट नोकरीला कुठे होता, तर बाटल्यांची बुचे करणाऱ्या कंपनीत. सोडावॉटरच्या बाटलीवरचे ते नागमोडी काठाचे पत्र्याचे झाकण, ज्याला आम्ही पोरे बिल्ला म्हणत असू, ते विल्यम पेंटर या गृहस्थाने शोधून काढले होते आणि जिलेट त्याचा माल विकत होता. पेंटरने त्याला एक सल्ला दिला. असे काहीतरी शोध, की जे माणूस एकदा वापरील, फेकून देईल आणि पुन्हा तुझ्याकडेच विकत घ्यायला येईल. उधळपट्टीविरुद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला हा सल्ला मिळावा आणि त्याने तो मनावर घ्यावा! बाराखडीतले एकेक अक्षर घेऊन, कोणकोणत्या वस्तू फेकून देण्याजोग्या होतील, याचा तो विचार करीत बसे म्हणतात.

१८९५ सालची गोष्ट. बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन गावी तो एका सकाळी दाढी करायला बसला. वस्तरा बोथट झाला होता. चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागणार नव्हते, धारवाल्याकडेच द्यायला हवा होता. आज आपल्याला ही अडचण कळायची नाही. वस्तरा म्हणजे पोलादाची पाचरच. पाठीला जाड, धारेला निमुळती. ती धार रोज पट्ट्यावर परतावी लागे आणि अधूनमधून दगडावर लावावी लागे. हात कापरा असेल तर गालाची खैर नसे. आपल्याकडे हा सारा व्याप न्हाव्याच्या धोकटीत असे आणि घरातली पुरुषमाणसे ओळीने त्याच्यापुढे बसत. जिलेटच्या आधीही सुरक्षित रेझर निघाले होते. धारेपुढे दात्यांची आडकाठी असलेला एक रेझर अमेरिकेत १८८० पासून मिळत होता, पण त्यातले पाते जुन्या वस्तऱ्याचाच तुकडा. त्याला धार लावण्यातून सुटका नव्हती.

जिलेटला त्या सकाळी सुचले ते एवढेच, की काम फक्त धारेचे आहे, मग तिच्यामागे एवढे पोलाद कशाला? कागदासारखी पातळ पट्टी घ्यावी, दोन्ही कडांना धार द्यावी, दोन पत्र्यांमध्ये किंचित वाकवून स्क्रूने आवळावी. सुटी असताना लवलवणारी पट्टी आवळली की ताठ होते. धार गेली की फेकून द्यावी. त्याने दुकानातून पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगची पट्टी, कानस, हातशेगडा आणून पहिला नमुना केला आणि गावाला गेलेल्या बायकोला आपण आता श्रीमंत झालो असे कळवूनही टाकले.

श्रीमंती यायला मात्र आठ-नऊ वर्षे लागली. धातुशास्त्र जाणणाऱ्यांनी सांगितले की इतक्या पातळ पोलादाला पाणी देता येणार नाही. ते वाकडे होईल, नाहीतर तडकेल. आपण शास्त्र शिकलो असतो तर तेव्हाच नाद सोडला असता, अशी कबुली जिलेटने पुढे दिली. पैसेवाल्यांना तर हा विनोदच वाटला.

इथे माझ्यातला बँकवाला जरा अवघडतो. तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक तरुण भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या हातयंत्राचा नमुना पिशवीतून घेऊन आला होता. मी त्याला तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. जो धंदा अजून सुरूच झाला नाही त्याचे ताळेबंद कुठून येणार? पण नियम तसा होता. त्याने नमुना पुन्हा पिशवीत ठेवला, नमस्कार केला आणि गेला. पुढे त्याचे काय झाले मला ठाऊक नाही. जिलेट माझ्या टेबलासमोर येता तर त्यालाही मी असाच नमस्कार करून वाटेला लावले असते. चाळिशी उलटलेला विक्रेता, स्थावर काही नाही, माल कसा करायचा ते ठाऊक नाही आणि वर जग सुधारण्याचे पुस्तक लिहिलेले. नामंजूर.

त्याला तारले विल्यम निकर्सन या इंजिनिअरने. निकर्सन मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत शिकलेला. पातळ पात्यांना दाबून धरून पाणी देण्याची रीत आणि धार लावणारी यंत्रे त्याने बसवली. कंपनी १९०१ च्या सप्टेंबरमध्ये उभी राहिली. पुढच्या वर्षी तिला जिलेटचे नाव मिळाले. निकर्सनच्या आडनावाचा आरंभच इंग्रजीत कातडीवरच्या छोट्या कापाला जो शब्द आहे त्याने होतो. ते नाव रेझरवर कसे छापणार, अशी थट्टा तेव्हा झाली म्हणतात. बोस्टनमध्ये माशांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर काम सुरू झाले. १९०३ साली विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ पात्यांची. त्याच सुमारास जिलेटला पोटासाठी बुचांच्या कंपनीच्या कामावर लंडनला जावे लागले, कारण स्वतःच्या नावाची कंपनी त्याला पगार देऊ शकत नव्हती. १९०४ साली रेझरचा खप ९० हजारांच्या वर गेला आणि १५ नोव्हेंबरला पेटंट हाती आले. पात्याच्या वेष्टनावर जिलेटचा चेहरा झळकू लागला. देशोदेशी ज्यांना इंग्रजीचे अक्षर कळत नव्हते, त्यांनाही तो चेहरा कळू लागला.

व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात की जिलेटने रेझर मातीमोलाने दिला आणि पात्यांवर पैसा कमावला. आम्हालाही बँकेच्या प्रशिक्षणात हेच सांगितले होते. वस्तुस्थिती उलट आहे. पेटंट होते तोवर रेझरची किंमत पाच डॉलर होती आणि त्या काळच्या कामगाराच्या आठवड्याच्या कमाईचा तो मोठा तुकडा होता. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर, कुणीही तसा रेझर करू शकेल अशी वेळ आली, तेव्हा कंपनीने जुन्या घडणीचा रेझर एका डॉलरला विकायला काढला. त्याआधी पहिल्या महायुद्धाने मोठे गिऱ्हाईक मिळवून दिलेच होते. अमेरिकन सरकारने १९१८ मध्ये सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक पाती घेतली. खंदकात रोज स्वतःची दाढी स्वतः करायला शिकलेले शिपाई तो रेझर घेऊन घरी गेले आणि जन्माचे गिऱ्हाईक झाले.

या सगळ्यात जिलेट कुठे होता? कंपनीची सूत्रे जॉन जॉइस या भांडवलदाराच्या हाती गेली होती. दोघांचे बरेच भांडण झाले आणि १९१० मध्ये जिलेटने आपले बहुतेक शेअर त्याला विकले. अध्यक्षपद नावापुरते राहिले, चेहरा वेष्टनावर राहिला. हाती पैसा आल्यावर दुसरा कोणी वाडा बांधता. तोही त्याने पुढे बांधलाच; पण त्या १९१० सालात त्याने पहिले काम केले ते जुन्या स्वप्नाचे. ॲरिझोनात त्याने 'वर्ल्ड कॉर्पोरेशन' नावाची संस्था नोंदवली आणि नुकतेच राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेले थिओडोर रूझवेल्ट यांना चार वर्षे तिचे अध्यक्ष व्हा, दहा लाख डॉलर देतो, असे कळवले. रूझवेल्टनी नकार दिला. १९२४ साली त्याने पुन्हा तोच विचार 'द पीपल्स कॉर्पोरेशन' या पुस्तकात मांडला. त्या कामी कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्याला मदत केली. लोक पाती घेत राहिले. पुस्तक कोणी फारसे घेतले नाही.

शेवट मला जमाखर्ची माणूस म्हणून विशेष लागतो. १९३० साली हेन्री गाइसमन नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी पेटंटवरून वाद झाला आणि तो मिटवण्यासाठी दोन कंपन्या एक करायचे ठरले. त्या वेळी हिशेब तपासले, तर जिलेट कंपनीचा पाच वर्षांचा नफा फुगवलेला निघाला. परदेशातल्या आपल्याच शाखांना पाठवलेला माल विकला म्हणून दाखवला होता. बहीत विक्री आणि गोदामात माल. स्पर्धा माणसाला खोटे बोलायला लावते, हे जिलेटने छत्तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. आता ते त्याच्याच नावाच्या बहीत निघाले. कारभार गाइसमनकडे गेला. १९३१ मध्ये जिलेट अध्यक्षपदावरून उतरला. मंदीने त्याची कॅलिफोर्नियातली जमीनजुमल्यात गुंतवलेली मालमत्ता धुऊन नेली होती. ९ जुलै १९३२ रोजी तो तिथेच वारला. कॅलाबॅसस इथली त्याची वाडी आज सार्वजनिक उद्यान आहे; तिथे कोणीही जाऊन झाडाखाली बसू शकतो. कंपनी २००५ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने सुमारे ५७ अब्ज डॉलरला घेतली.

हे खाते मी अनेकदा मांडून पाहिले आहे. जमेच्या बाजूला एक मोठी गोष्ट आहे: कोट्यवधी माणसांना त्याने सकाळची दहा मिनिटे आणि न कापलेला गाल दिला. नावे टाकायची गोष्टही तेवढीच मोठी आहे. वापरा आणि फेका, ही सवय जगाला लावणाऱ्यांत तो अग्रभागी होता. आज एका दांड्यात पाच पाच पाती बसवलेली प्लॅस्टिकची डोकी आपण महिन्याला कचऱ्यात टाकतो. ती ना मोडून काढता येतात ना धार लावता येते. उधळपट्टीची चीड असलेल्या माणसाचे नाव त्या कचऱ्यावर आहे. त्याने हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. पाती विकून पैसा आणू आणि त्या पैशाने जग बदलू, असा त्याचा हिशेब होता. पहिली ओळ बरोबर आली, दुसरी आलीच नाही.

आमच्या आजोबांनी मात्र जिलेटचे पाते कधी फेकले नाही. सकाळी गरम पाण्याने दाढी भिजवायची, ब्रशाने साबणाचा दाट फेस काढायचा, तो गालावर मुरू द्यायचा, मग हलक्या हाताने रेझर. झाल्यावर पाते काढून पुसायचे आणि काचेच्या पेल्याच्या आतल्या अंगाला बोटाने दाबून पुढे-मागे घासायचे. पेल्याच्या गोलाईने पात्याला धार येते. अशाने एक पाते महिनाभर जाई. मग ते आजीकडे, शिवण उसवायला. तिच्याकडून आमच्याकडे, पेन्सिलींना टोक करायला. आमच्या कोपऱ्यावरचा सलूनवाला अजूनही दुधारी पाते मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्यात घालून गिऱ्हाइकामागे नवे वापरतो. उरलेले अर्धे पुढच्या माणसाला.

त्या मिशीवाल्या गृहस्थाचे पुस्तक आजोबांनी वाचले असण्याची शक्यता नाही. डबी आता माझ्याकडे आहे. रेझर घासूनपुसून मी तोच वापरतो, आणि पाते बोथट झाले की फेकण्याआधी एक पेला शोधतो.