मॅट्रिक न झालेल्या माणसाचं कॉलेज

मित्रांनो, बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच धावपळ सुरू होते. सीईटीचा स्कोअर, कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, आणि सगळ्यात शेवटी हॉस्टेलची यादी! या धावपळीतून गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की नंबर लागणं ही अर्धीच लढाई असते. शहरात राहायचं कुठे, दोन वेळचं जेवण कुठे, फी कोण भरणार, हे सुटलं नाही तर नंबर लागलेला मुलगाही घरीच बसतो. हे गणित शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने ओळखलं आणि आयुष्यभर सोडवलं. गंमत म्हणजे तो स्वतः कॉलेजात तर सोडाच, मॅट्रिकच्याही पुढे गेला नव्हता. त्यांचं नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

माझ्यासारख्या इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना हे नाव माहीत असतं ते इतिहासाच्या पुस्तकातल्या दोन ओळींपुरतं. संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल, झालं. पण हॉस्टेलवर राहणाऱ्याने त्यांचं चरित्र थोडं सविस्तर वाचायला हवं, कारण ते बरंचसं हॉस्टेलचंच चरित्र आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज या गावी एका जैन शेतकरी घराण्यात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. पोराने शिकावं म्हणून त्यांनी त्याला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातलं आणि राहायची सोय जैन बोर्डिंगमध्ये केली. भाऊरावांचा ओढा मात्र अभ्यासापेक्षा तालमीकडे जास्त.

त्याच सुमारास, १९०८ साली, कोल्हापुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, आधी आंघोळ कर, मगच आत ये. त्यांनी साफ नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्यांचं नाव कमी झालं. पुढे शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला, पण शिक्षण काही मॅट्रिकच्या पार गेलं नाही. जातीचे नियम पाळले नाहीत म्हणून हॉस्टेल आपल्याला रस्त्यावर काढू शकतं, हे त्यांना विशीतच कळलं.

पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घ्यायला सुरुवात केली. स्वतः मॅट्रिक न झालेला माणूस हायस्कूलच्या मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि लोक त्यांना आदराने पाटील मास्तर म्हणायचे! पण १९१४ मध्ये आयुष्याला वेगळंच वळण लागलं. कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. त्या प्रकरणात जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्याचा डाव होता आणि त्यासाठी भाऊरावांची खोटी साक्ष हवी होती. हे लठ्ठे म्हणजे त्याच जैन बोर्डिंगच्या कारभारातले. जुना राग काढायची आयती संधी होती. भाऊरावांनी कोठडीतला छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही.

सुटल्यावर पोटासाठी त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम धरलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सेल्स आणि डेमो! गावोगाव जायचं, शेतकऱ्याच्या रानात नांगर चालवून दाखवायचा, त्याच्याच ओसरीवर मुक्काम करायचा. या फिरतीत त्यांनी पाहिलं की हुशार पोरं प्रत्येक गावात आहेत. शाळा मात्र चौथीला, फार तर सातवीला संपते आणि हायस्कूल असतं तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी. तिथे खोलीचं भाडं देणं आणि खानावळ लावणं शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. दलित मुलाला तर पैसे असूनही खोली मिळायची नाही. म्हणजे पोरं अडायची ती डोक्यामुळे नव्हे, भाकरी आणि छपरामुळे.

म्हणून त्यांनी आधी शाळा नाही, बोर्डिंग काढलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथे धनिणीच्या बागेत बोर्डिंग उभं राहिलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहू लागली. स्वयंपाक मुलांनीच करायचा, वाढायचा त्यांनीच आणि जेवायचं एका पंगतीत. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी इथे आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. जिथून आपल्याला काढलं होतं, त्याच्या नेमकं उलटं हॉस्टेल भाऊरावांनी बांधून दाखवलं.

पण मेस चालवायची म्हणजे धान्य लागतं. (आपल्या मेस सेक्रेटरीला विचारा!) भाऊरावांनी मुष्टिफंडाची युक्ती काढली. घरच्या बाईने दळण करताना मूठभर धान्य बोर्डिंगसाठी बाजूला काढायचं. देणाऱ्याला ओझं नाही, आणि शंभर घरांच्या शंभर मुठी झाल्या की मुलांची भाकरी सुटते. तरीही कोठार रिकामं व्हायचंच. अशा वेळी धावून यायच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींच्या पोरांना स्वतःच्या पोरांसारखं जेवू घातलं. एकेक दागिना मोडला. एकदा तर मुलं उपाशी राहू नयेत म्हणून गळ्यातलं मंगळसूत्रही विकायला दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेचा इतिहास सांगताना हे पान गाळून चालणार नाही. कारण भाऊरावांनी दिला तो शब्द, आणि तो पाळताना त्या घराने काय काय सोसलं ते लक्ष्मीबाईंनी सोसलं.

यानंतरची वाटचाल आपण एखाद्या फ्लोचार्टसारखी मांडू शकतो. मुलगा बोर्डिंगमध्ये आला, पण त्याला शिकवायला गावोगाव शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज. सातवी झाली, पुढे काय? म्हणून १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल. मॅट्रिक झाली, पुढे काय? म्हणून जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज. १९५४ मध्ये कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. मुलगा जिथे अडला तिथे भाऊरावांनी पुढची पायरी बांधली. मधल्या काळात, १९३२ मध्ये, पुणे कराराची आठवण म्हणून पुण्यातही त्यांनी युनियन बोर्डिंग काढलं होतं.

या सगळ्यात फीचं काय? इथे भाऊरावांचं खरं डोकं दिसतं. त्यांना मुलांना भीक घालायची नव्हती. फुकट मिळालेलं शिक्षण मुलाची मान खाली घालतं, असं त्यांचं मत. म्हणून कमवा आणि शिका. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने अंगमेहनत द्यायची. मुलांनी शेती केली, खडी फोडली, विटा वाहिल्या, आपल्याच वसतिगृहाच्या भिंती उभ्या केल्या. सकाळी कुदळ आणि दुपारी पुस्तक. आज कॅंपस इंटरव्ह्यूमध्ये आपण ज्याला वर्क एक्स्पीरियन्स म्हणून मिरवतो, तो त्या पोरांकडे आपोआप असायचा! आणि कुणाच्याही उपकाराखाली नसल्यामुळे ती ताठ मानेने बाहेर पडायची. याच बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

वाट सोपी कधीच नव्हती. १९४८ मध्ये, कॉलेजला जेमतेम वर्ष होत असताना, सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचं अनुदान काही काळ बंद झालं. दुसरा कुणी असता तर शाळांना कुलूप लावून बसला असता. अण्णांनी (मुलं त्यांना अण्णाच म्हणायची) त्याच वर्षी गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला! पैसा नव्हता, पण ज्या रयतेच्या नावाने संस्था होती ती रयत पाठीशी होती.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं आणि पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी. लिट. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाची सगळ्यात मोठी पदवी! त्याच वर्षी, ९ मे रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं. आज पुणे विद्यापीठात विद्यार्थ्यांना काम करून शिकता यावं म्हणून जी कमवा व शिका योजना आहे, तिला कर्मवीरांचंच नाव आहे. रयतचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे, आणि ते किती योग्य आहे हे पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जाऊन पाहावं.

मित्रांनो, भाऊरावांनी स्वतः कधी प्रवेशाचा फॉर्म भरला नाही, पण हजारोंना तो भरता येईल अशी सोय करून ठेवली. आपल्यापैकी कुणालाच वटवृक्ष लावता येईल असं नाही. पण मूठभर धान्य तर देता येईल? येत्या जूनमध्ये सुटीला घरी गेलात की गावातल्या हायस्कुलात एक चक्कर मारा. दहावी-बारावीच्या पोरांना सांगा की डिप्लोमाला कसं जायचं, फॉर्म कुठे भरायचा, कुठले दाखले आधीच काढून ठेवायचे, स्कॉलरशिपची शेवटची तारीख कधी, आणि हो, हॉस्टेलचा अर्ज वेगळा करावा लागतो. आपल्याला हे सगळं पाठ झालंय. त्या पोराला ते सांगणारं कदाचित घरात कुणीच नसेल. एक दुपार जाईल आपली, पण एखाद्याचं वर्ष वाचेल.