रंग हुकले, रेषा नाही

आमच्या मसुऱ्यातली एक सून. बी.कॉम. झालेली, लग्नाआधी हिशेब लिहायची. मुलगा शाळेत जायला लागला तसं तिने घरबसल्या प्रोग्रामिंग शिकून घेतलं. वर्षभर अर्ज केले, पण नोकरी काही मिळाली नाही. पैसे पाण्यात गेले, अशी घरात कुजबुज सुरू झाली. परवा माझ्याकडे येऊन ती रडली, तेव्हा मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली.

लक्ष्मणराव जन्मले २० जून १८६९ रोजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला. शाळेच्या अभ्यासात त्यांचं मन रमेना. ओढ दोनच गोष्टींची, चित्रं आणि यंत्रं. थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी कळलं की आपल्याला काही रंगांमधला फरकच ओळखता येत नाही! चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला याहून मोठा धक्का कुठला?

पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाही, लागते ती नेमकी रेघ. त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग सोडलं नाही आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. नोकरी सांभाळून मुंबईतून सायकली घ्यायच्या आणि बेळगावला भावाकडे विकायला पाठवायच्या, हा जोडधंदाही केला. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगाव गाठलं.

तिथे कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा आणि दहा हजारांचं कर्ज दिलं. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या आई-आजींनी वाचलेलं 'स्त्री' मासिक १९३० मध्ये निघालं ते याच वाडीतून. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

मैत्रिणींनो, त्यांचं जे. जे.मधलं शिक्षण वाया गेलं का? नाही ना! फक्त ते दुसऱ्या दाराने कामाला आलं. प्रोग्रामिंगचंही तसंच आहे. ते शिकलं म्हणजे प्रोग्रामरच व्हायला हवं असं थोडंच आहे? तयार झालेला प्रोग्राम कुठे अडतो ते तपासणारी माणसं लागतात. तो वापरायचा कसा, हे सोप्या भाषेत लिहून देणारी लागतात. अडलेल्या गिऱ्हाइकाला फोनवर समजावणारी आणि नव्यांना शिकवणारीही लागतात. शिक्षिका असेल तिला शिकवणं जमेल, लिहिण्याची आवड असेल तिला लिहिणं.

आमच्या सुनेला मी एवढंच सुचवलं, की तुला हिशेब येतो आणि आता प्रोग्रामची भाषाही कळते. दुकानांना, पतसंस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांकडे विचारून बघ. दोन्ही कळणारं माणूस त्यांना हवंच असतं. नोकरी लगेच मिळेलच असं नाही. लक्ष्मणरावांचा नांगर तरी कुठे लगेच खपला होता? पण डोळे पुसून ती नवा अर्ज लिहायला बसली, हे मात्र खरं.