नेव्हिल डिसोझा : बाबांचा हिरो, नंतर माझाही

'शाळेच्या वयातला माझा हिरो' असा विषय स्मरणिकेसाठी ठरला तेव्हा आपल्या ग्रुपवर सचिन, कपिल आणि स्टेफी ग्राफ ही नावं लगेच पडली. मी नेव्हिल डिसोझा लिहिलं, तर तिघांनी तो कोण म्हणून विचारलं. म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

नेव्हिलचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा. घराणं मूळ गोव्याचं, खेळला मात्र मुंबईकडून. सेंटर फॉरवर्ड. भाऊ डेरेक हाही नावाजलेला खेळाडू. त्या काळी मुंबईचा फुटबॉल चालायचा तो कंपन्यांच्या संघांवर. टाटा, कॅलटेक्स अशा कंपन्या खेळाडूंना नोकरी द्यायच्या, आणि संध्याकाळी हीच माणसं हारवूड लीगमध्ये समोरासमोर यायची. नेव्हिल टाटा आणि कॅलटेक्स या दोन्ही संघांतून खेळला.

आमचे बाबा लहानपणी शिक्षणासाठी गिरगावात मामांकडे राहायचे. मामांना कूपरेजचं वेड. रोव्हर्स कपचे सामने असले की मामा भाच्याला घेऊन चालत निघायचे. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स कप जिंकला, तो बाबांच्या आयुष्यातला मोठा दिवस. पुढे बाबा वांगणीला आले आणि जन्मभर कर्जत लोकलने फोर्टात नोकरीला जात राहिले, पण त्यांचा क्लब कॅलटेक्सच. ती कंपनी सत्तरच्या दशकात सरकारने ताब्यात घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन केली, तरी बाबांच्या बोलण्यात कॅलटेक्स होतीच. दिवे गेले की अंगणात बाज टाकून ते आम्हाला मेलबर्नची मॅच सांगायचे. वांगणीत दिवे किती वेळा जायचे ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे ती मॅच मला तोंडपाठ आहे.

ती गोष्ट १९५६ च्या ऑलिंपिकची. तिला आधीची एक दुखरी बाजू आहे. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं चिरडलं होतं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. त्यामुळे मेलबर्नला निघालेल्या संघाकडून कोणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरीचा संघ आलाच नाही, तेव्हा त्या देशात उठाव चालू होता. भारताला पुढे चाल मिळाली.

१ डिसेंबरला समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा, पुन्हा बरोबरी. मध्यंतरानंतर पन्नासाव्या मिनिटाला तिसरा. या तिसऱ्या गोलनंतर ऑस्ट्रेलियाला बरोबरी काही साधता आली नाही. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू याने चौथा मारला आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणजे हा आपला मुंबईचा नेव्हिल, आणि उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई संघ भारताचा.

उपांत्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरानंतर पहिला गोल नेव्हिलचा! १०-१ चा मार खाल्लेला संघ १-० ने पुढे. इथे बाबा मुद्दाम थांबायचे. आम्हाला पुढचं माहीत असूनही आम्ही दर वेळी भारत जिंकेल अशी वाट पाहायचो. आघाडी जेमतेम काही मिनिटं टिकली आणि सामना ४-१ ने गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियानेही ३-० ने हरवलं. भारत चौथा. नेव्हिलचे चार गोल झाले, स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत तो एक. पण चौथ्याला पदक नसतं. शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातही हॉकीची पदकं पाठ करायला होती, हे चौथं स्थान कुठेच नव्हतं. याचा मला तेव्हाही राग यायचा.

भात कापणी झाल्यावर स्टेशनपलीकडच्या खाचरांत मुलांचा फुटबॉल चालायचा, आठवतो ना? ढेकळं, धसकटं आणि हवा कमी झालेला एकच चेंडू. मुलींनी लंगडी, खो-खो खेळावा असा रिवाज. मी भावाच्या मागून घुसले आणि मला कायम गोलपाशी उभं करायचे. सहावीत असताना मी सेंटर फॉरवर्डच खेळणार म्हणून अडून बसले, नेव्हिलचं नाव सांगून. कोणालाच तो माहीत नव्हता. बाजू मांडायला खाचराच्या बांधावर पूर्ण मेलबर्न सांगावं लागलं. त्या संध्याकाळी मला पुढे खेळायला मिळालं. (गोल झाला का, हे विचारू नये.)

खेळातून बाजूला झाल्यावर नेव्हिल फारसा कोणाच्या तोंडी राहिला नाही. भारताचा संघ १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर पुन्हा कधी तिथे पोचला नाही. रोव्हर्स कपही या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. १६ मार्च १९८० रोजी नेव्हिल गेला, सत्तेचाळीसाव्या वर्षी. त्याच साली माझा जन्म झाला. आई सांगते, ती बातमी वाचून बाबा त्या दिवशी ऑफिसातून थेट घरी आले नाहीत. कूपरेजला जाऊन बाहेरूनच मैदान बघून, शेवटच्या कर्जत लोकलने वांगणीला उतरले.