हसन फथी आणि मातीचे गाव

आमच्या घरात मातीच्या घराचा विषय काढायचा नाही, असा एक न बोललेला नियम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपले असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. त्या वेळी माझे वडील अकरा वर्षांचे होते. दगड-मातीच्या भिंती, लाकडी खांब, आणि वर दीड-दोन फूट जाडीचे मातीचे माळवद, असे आमचे घर होते. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. त्यामुळे छप्पर गळत नसे, पण वर्षावर्षाने ते जड होत जाई. त्या पहाटे ते खाली आले. माझी आत्या सात वर्षांची होती. तिचा फोटो घरात नाही, कारण तो कधी काढलाच नव्हता.

अशा घरातल्या मुलाने मातीची घरे बांधणाऱ्या माणसाचे चरित्र लिहावे, हे थोडे विचित्रच आहे. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' नावाचे पुस्तक हाती आले. शीर्षकातला शेवटचा शब्द पाहून मी ते उघडले. शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला मला तीन महिने लागले. ग्रंथपाल सरांनी मुदत तीनदा वाढवून दिली. पुस्तकाचे लेखक होते इजिप्तचे वास्तुशिल्पज्ञ हसन फथी.

फथी यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सधन कुटुंबात झाला. वडिलांच्या मालकीच्या शेतजमिनी होत्या, परंतु त्यांना खेड्याचा तिटकारा होता. खेडे म्हणजे माश्या, डास आणि घाणेरडे पाणी, असे त्यांचे मत. ते मुलांना तिकडे फिरकू देत नसत. आईचे बालपण मात्र खेड्यात गेले होते आणि ती मुलांना तिथल्या गोष्टी सांगत असे. त्यामुळे लहानग्या हसनच्या मनात खेडे म्हणजे एकाच वेळी नरक आणि स्वर्ग होते. प्रत्यक्ष पाहिलेले मात्र काहीच नव्हते. शेतकी शिक्षण घ्यायची त्यांची इच्छा होती, पण त्या प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले आणि वास्तुकलेकडे वळले. १९२६ साली त्यांनी कैरोत पदवी घेतली.

पुढे एका लहान गावात शाळेच्या बांधकामावर देखरेख करायला ते गेले आणि तिथले दारिद्र्य पाहून हादरले. पंचविशी उलटल्यावर त्यांनी स्वतःच्या घरच्या शेतावर प्रथमच पाऊल ठेवले. तिथे राबणाऱ्या मजुरांच्या झोपड्या इतक्या बुटक्या आणि अंधाऱ्या होत्या की त्यांना लाज वाटली. ज्यांच्या कष्टावर आपले घर चालते ती माणसे अशी राहतात, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते. इथे पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो होतो. आपल्याकडे शेतमालकाच्या मुलाला मजुराचे घर ठाऊक नसेल असे होत नाही. ठाऊक असते, पण लाज वाटतेच असे नाही.

मजुरांना चांगली घरे हवीत, पण ती कशाची बांधावीत? सिमेंट आणि लोखंड विकत घ्यावे लागते, आणि इजिप्तच्या शेतकऱ्याजवळ पैसा नाही. त्याच्याजवळ आहे ती पायाखालची माती. नाईलच्या गाळात भुसा कालवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या विटा तो हजारो वर्षे वापरत आला आहे. फथींनी मातीच्या घरांचे सुंदर आराखडे रंगवले आणि १९३७ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. आता भिंतींचा प्रश्न सुटला होता. राहिला होता छपराचा. सपाट छपराला लाकूड लागते आणि इजिप्तमध्ये लाकूड दुर्मिळ. त्यातच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लाकूड येईनासे झाले. कैरोजवळ बहतीम येथे एका शेतकी संस्थेसाठी घरे बांधताना त्यांनी मातीच्याच विटांचे कमानदार छप्पर रचून पाहिले. ते कोसळले.

त्यांचे थोरले बंधू तेव्हा अस्वान धरणाच्या कामावर होते. तिकडचे न्युबियन गवंडी लाकडाच्या आधाराशिवाय कमानी बांधतात, हे त्यांनी कळवले. १९४१ च्या फेब्रुवारीत फथी तिकडे गेले. अस्वान शहरात त्यांना काहीच विशेष दिसले नाही. मात्र नदीपलीकडच्या घर्ब अस्वान गावात शिरताच ते थक्क झाले. उंच, स्वच्छ, देखणी घरे, आणि सगळी मातीची. कुणी इंजिनिअर तिथे आलेला नव्हता. मग त्यांनी बांधणारे हात शोधले. बोघदादी अहमद अली नावाचे एक वृद्ध गवंडी त्यांना भेटले आणि पुढे अनेक वर्षे त्यांच्याबरोबर राहिले.

ही युक्ती समजून घ्यायला मला तो उतारा चार वेळा वाचावा लागला. खोलीच्या दोन बाजूंच्या भिंतींपेक्षा मागची भिंत उंच चढवायची. गवंडी बाजूच्या भिंतींवर फळी टाकून तिच्यावर उभा राहतो आणि मागच्या भिंतीवर ओल्या मातीने कमानीचा आकार लिंपतो. दोरी नाही, माप नाही, सगळे नजरेने. मग विटांचा पहिला थर सरळ उभा न लावता मागच्या भिंतीवर किंचित कलता टेकवायचा. दुसरा थर पहिल्यावर कलता, तिसरा दुसऱ्यावर. प्रत्येक थर मागच्याच्या अंगावर रेलत असल्यामुळे चिखल वाळेपर्यंत खाली घसरत नाही, म्हणून खालून लाकडी साच्याचा आधार लागत नाही. या विटा मुद्दाम हलक्या करतात, त्यांत भुसा जास्त घालतात. विटेच्या अंगावर बोटांनी चर ओढलेले असतात, त्याने चिखल घट्ट पकडतो. मातीची वीट दाब सोसते, ताण मात्र सोसत नाही. कमानीत सगळा भार दाबाच्या रूपाने खाली उतरतो. दोन गवंडी एका खोलीवर असे छप्पर दीड दिवसात घालत. लक्सरजवळ रामेसियम मंदिराच्या आवारात याच पद्धतीने बांधलेली धान्याची कोठारे तीन हजारांहून अधिक वर्षे उभी आहेत, हेही फथींनी पाहिले.

फथींच्या कीर्तीचे आणि दुःखाचेही कारण ठरले ते गाव म्हणजे नवे गुर्ना. लक्सरच्या पश्चिम तीरावर गुर्ना नावाचे गाव प्राचीन थडग्यांच्या डोंगरावर वसलेले होते. पाच वस्त्यांत मिळून सुमारे ७००० लोक. घराखाली थडगे, आणि थडग्यातल्या वस्तू विकणे हा अनेकांचा पिढीजात धंदा. एकदा खडकात कोरलेले एक शिल्पच कापून पळवले गेले आणि सरकारने ठरवले की हे गाव उठवायचे. १९४५ मध्ये डोंगराखाली ५० एकर जमीन घेण्यात आली आणि नवे गाव बांधण्याचे काम फथींवर सोपवण्यात आले.

साधारणतः सरकारी अधिकारी अशा वेळी काय करतो ते आमच्या गावाला चांगले ठाऊक आहे. भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांतले आमचे एक. सरळ रस्ते, रांगेत घरे. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा थोडी आहे त्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरे पक्की होती, आणि त्या दिवसांत लोकांना तेवढेच हवे होते, म्हणून मी नावे ठेवत नाही. पण जमिनीच्या हिशोबाने घरे वाटल्यामुळे भावकी फुटली. आजीची जाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. पूर्वी दोघींच्या चुली एका अंगणात होत्या.

फथींनी नेमका हाच विचार आधी केला होता. गुर्नामध्ये भावकीला 'बदना' म्हणतात, दहा-वीस कुटुंबांचा एक गट. प्रत्येक बदनेची घरे एका सामायिक चौकाभोवती यावीत, गल्ल्या मुद्दाम वाकड्या असाव्यात म्हणजे परका माणूस सहज आरपार जाणार नाही, प्रत्येक घर त्या कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वेगळे असावे, असा आराखडा त्यांनी केला. मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृहही योजले. पाण्याचे नळ घरोघरी द्यावेत की विहिरी ठेवाव्यात यावर त्यांनी पुष्कळ विचार केला, कारण पडद्यातल्या बायकांना बाहेर पडून एकमेकींना भेटायची तीच एक जागा होती. (त्यांचे हे म्हणणे मला पूर्ण पटत नाही. कमरेवर हंडा घेऊन चालणारीला एकदा विचारून पाहावे.) परंतु त्या समाजात परक्या पुरुषाला बायकांशी बोलता येत नसे. घरात दिवसभर वावरणारीचे मत त्यांना मिळालेच नाही, आणि ही उणीव त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे.

तीन हंगाम काम चालले. कधी पैसा अडे, कधी कचेरीतला कागद. त्याहून मोठी अडचण गुर्नाचे लोक स्वतःच होते. त्यांना उठायचेच नव्हते. नव्या गावात थडगी नव्हती आणि पोट भरायला दुसरे साधन नव्हते. एका रात्री बांध फोडून नाईलच्या पुराचे पाणी नव्या गावात सोडण्यात आले, आणि फथी व त्यांच्या माणसांनी तो बांध धडपडून बुजवला. घुमटाबद्दलही लोकांची कुरकुर होती. त्यांच्याकडे घुमट म्हणजे पिराची कबर; जिवंत माणसाने घुमटाखाली झोपायचे कसे? १९४८ च्या सुमारास काम बंद पडले. ठरवलेल्यापैकी थोडीच घरे उभी राहिली होती.

आपल्या पुस्तकात फथी या अपयशाचे खापर बरेचसे सरकारी यंत्रणेवर फोडतात. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे, तरी इथे थोडे वेगळे वाटते. गुर्नाच्या लोकांना सुंदर घर मिळत होते, पण ते त्यांनी मागितले नव्हते. आमच्या गावाने घर मागितले होते, कारण जुने उरलेच नव्हते.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९५७ मध्ये ते देश सोडून अथेन्सला गेले, काही वर्षांनी परत आले. खार्गा ओअॅसिसमध्ये बारिस नावाचे दुसरे गाव त्यांनी उभारायला घेतले. वारा वरून पकडून खाली आणणाऱ्या धुराड्यांसारख्या उंच मनोऱ्यांनी तिथला बाजार वाळवंटातही गार राहत असे. १९६७ च्या युद्धाने तेही काम थांबले आणि तिथे कुणी राहायलाच आले नाही. १९६९ मध्ये गुर्नाची हकीकत कैरोत प्रसिद्ध झाली. १९७३ मध्ये शिकागोहून तीच नव्या नावाने निघाली आणि जगभर वाचली गेली. १९८० मध्ये आगाखान पुरस्कारांतील अध्यक्षांचा विशेष सन्मान आणि राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाले. गंमत अशी की गरिबांसाठी शोधलेल्या या मातीच्या घरांना पुढे गिऱ्हाईक मिळाले ते बहुधा श्रीमंतांमध्ये. स्वतः फथी कैरोच्या किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत, एका जुनाट वाड्यात, मांजरांच्या सोबतीने राहत. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी ते वारले.

अस्वानच्या मोठ्या धरणानंतर जमिनीखालचे पाणी वर चढले आणि नव्या गुर्नाच्या भिंतींना क्षार लागले. राहणाऱ्यांनी कितीतरी घरे पाडून सिमेंटची बांधली. डोंगरावरचे जुने गुर्ना २००६ नंतर बुलडोझर लावून उठवण्यात आले. अलीकडे युनेस्कोच्या साहाय्याने फथींची मशीद व आणखी काही इमारती दुरुस्त झाल्या आहेत.

मी आमच्या भूगोलाच्या सरांना विचारले की अशी कमान आमच्याकडे १९९३ ला टिकली असती का. जमीन आडवी हलते तेव्हा नुसत्या मातीच्या कमानीलाही ताण बसतो, आत कशाचे बंधन नसेल तर तीही फाटते, असे त्यांनी सांगितले. हे ऐकून मला वाईट वाटले, आणि वडिलांचा राग थोडा अधिक कळला. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना फथींविषयी सांगायला गेलो, तर ते अर्ध्यावरच उठून रानात निघून गेले.

आजी मात्र बसून राहिली. पुस्तकातली चित्रे मी तिला एकेक करून दाखवली. तिने चष्मा लावून कमानींवरून बोट फिरवले, चूल कुठे आहे ते विचारले, उजेड कुठून येतो ते विचारले. भिंत छान सारवली आहे म्हणाली. मग पुष्कळ वेळ त्या गोल छपराकडे बघत राहिली आणि मला विचारले की एवढ्या उन्हाच्या देशात या बायांनी कुरडया आणि पापड वाळत तरी कुठे घालायचे.