सुरांची शाळा उघडणारा माणूस

आपल्या पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या परिसरात पहाटेच माणसांची वर्दळ सुरू होते. पहिल्या पाळीचे कामगार हातात डबा घेऊन कंपनीच्या बसची वाट पाहत उभे असतात. पण वर्षातून दोन वेळा याच रस्त्यांवर निराळे दृश्य दिसते. कुणी मुलगा तबल्याची जोडी कापडात बांधून नेत असतो. कुणी मुलगी चालता चालता बोटांवर ताल मोजत असते. ही मुले संगीताच्या परीक्षेला निघालेली असतात. काही आठवड्यांनी निकाल लागतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची प्रमाणपत्रे ती शाळेत आणून दाखवतात. वर्गात टाळ्या होतात. आईवडिलांचे डोळे आनंदाने भरून येतात.

मुलांनो, गणिताची परीक्षा असते, भाषेची असते, तशी गाण्याचीही परीक्षा असते, हे आज आपल्याला नवलाचे वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी सर्वसामान्य घरातल्या मुलाला गाणे शिकायचे असेल, तर त्याने कुठे जावे, हेच कळत नसे. ही वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांत एक नाव फार मोठे आहे. ते म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर.

विष्णू दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. हे गाव आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. त्यांचे मूळ आडनाव गाडगीळ. पण घराणे पलूस गावचे, म्हणून लोक त्यांना पलुसकर म्हणू लागले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. देवळात उभे राहून ते गात गात कथा सांगत. लहानगा विष्णू त्यांच्या मागे उभा राहून सूर धरी. घरी श्रीमंती नव्हती, पण सूर मात्र भरपूर होते.

कुरुंदवाडजवळ नरसोबाची वाडी आहे. तेथे दत्तजयंतीचा मोठा उत्सव भरतो. एका वर्षी त्या उत्सवात विष्णूच्या तोंडाजवळच फटाका फुटला. चेहरा भाजला आणि डोळ्यांना जबर इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेला नेले. डॉक्टरांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. ती कायमची अधू राहिली.

आता या मुलाचे पुढे काय होणार? पुस्तक वाचायचे तर डोळे हवेत. नोकरी करायची तर शिक्षण हवे. घरच्यांच्या पोटात खड्डा पडला. त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एक वाट सुचवली. मुलाचा आवाज चांगला आहे, कान तयार आहे, तेव्हा त्याला गाणे शिकवावे, असा सल्ला त्यांनी दिला. एक दार बंद झाले होते, पण दुसरे उघडले.

मिरजेत त्या काळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर नावाचे थोर गायक राहत असत. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीची परंपरा त्यांनी महाराष्ट्रात आणली. ही परंपरा कोणाची होती, हे तुम्हांला ऐकायला आवडेल. ग्वाल्हेरच्या दरबारात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ हे दोन भाऊ नामांकित गवई होते. त्यांची विद्या वासुदेवबुवा जोशी यांना मिळाली. वासुदेवबुवांकडून ती बाळकृष्णबुवांकडे आली आणि बाळकृष्णबुवांकडून विष्णूकडे. विद्या कोणाच्या घरची आहे, हे तिथे कोणी विचारले नाही. ज्याने मेहनत केली, त्याला ती मिळाली. ख्याल, रियाज, तराणा, उस्ताद हे शब्द तुम्ही घरी उर्दूत ऐकता. मराठी गवयांच्या घरातही हेच शब्द रोज बोलले जातात. ज्या मिरजेत विष्णू शिकला, त्या गावात मुसलमान कारागीर पिढ्यान्पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवतात. ते तंबोरे देशभर जातात.

गुरूच्या घरी शिकणे सोपे नव्हते. शिष्याने पहाटे उठावे, पाणी भरावे, घरची कामे करावीत आणि मग गुरूची मर्जी असेल तेव्हा शिकावे, अशी रीत होती. पुस्तक नव्हते, वही नव्हती. गुरूने गायचे आणि शिष्याने ऐकून ते मनात साठवायचे. विष्णूची नजर अधू होती, पण कान तीक्ष्ण होते. सुमारे बारा वर्षे त्याने मिरजेत कसून रियाज केला. मिरज संस्थानच्या राजांनीही त्याला आश्रय दिला. खाण्यापिण्याची, राहण्याची चिंता मिटली.

अशा सुखाच्या जागी राहून विष्णूला आयुष्य काढता आले असते. पण एक गोष्ट त्याच्या मनाला लागली. गावातल्या एका समारंभाचे आमंत्रण विष्णूला आले, पण त्याच्या गुरूंना आले नाही, असे सांगतात. गुरू कितीही मोठे असले तरी लोकांच्या नजरेत ते केवळ एक गवई होते. त्या काळी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाची कला लोक आवडीने ऐकत, पण त्याला शेजारी बसवून घेत नसत. चांगल्या घरच्या मुलामुलींनी गाणे शिकू नये, असेच बहुतेकांना वाटे. विष्णू दिगंबरांनी मनाशी ठरवले की, संगीताला आणि संगीतकाराला समाजात मान मिळवून द्यायचा. १८९६ साली त्यांनी राजाश्रय सोडला आणि मिरजेबाहेर पाऊल टाकले.

गाठीला पैसा नव्हता. सोबत एकदोन साथीदार आणि गळ्यातले गाणे, एवढीच शिदोरी होती. औंध, सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी गावे आणि संस्थाने पालथी घालत ते उत्तरेकडे गेले. राजेरजवाड्यांसमोर ते गात, पण तेवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. सौराष्ट्रात त्यांनी थोडे पैसे देऊन कोणालाही ऐकता येईल असा जाहीर जलसा केला. महालात कोंडलेले गाणे असे साध्या माणसाच्या कानापर्यंत आले. आज आपण तिकीट काढून गाण्याच्या कार्यक्रमाला जातो. त्या प्रथेच्या आरंभी विष्णू दिगंबर उभे आहेत.

फिरत फिरत ते पंजाबात पोहोचले. तेथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर शहरात गांधर्व महाविद्यालय नावाची संगीताची शाळा उघडली. लाहोर आज पाकिस्तानात आहे. ही शाळा कोणा एका राजाच्या पैशावर चालत नव्हती. लोकांची वर्गणी आणि पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न यांवर ती उभी होती. फी देऊन कोणीही तिथे शिकू शकत असे. सुरुवातीला विद्यार्थी फारसे येईनात. गाण्याचीही शाळा असते का, असे लोकांना वाटे. पंडितजी डगमगले नाहीत. हळूहळू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली.

या शाळेत नवे काय होते? पहिली गोष्ट म्हणजे तिथे वर्ग होते, वेळापत्रक होते, अभ्यासक्रम होता आणि परीक्षा होत्या. कोणत्या टप्प्यावर किती राग आणि किती ताल यायला हवेत, हे ठरलेले होते. गुरूच्या मर्जीची जागा आता नियमाने घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तके. पंडितजींनी स्वर लिहून ठेवण्याची स्वतःची पद्धत तयार केली. तिला स्वरलिपी म्हणतात. सा, रे, ग, म, प, ध, नी या स्वरांना खुणा जोडल्या की कोणता स्वर कोमल, कोणता तीव्र आणि कोणता किती वेळ धरायचा, ते कागदावर कळते. या पद्धतीने त्यांनी अनेक पाठ्यपुस्तके छापली. त्यांसाठी छापखानाही चालवला. ज्या मुलाला डोळ्यांमुळे पुस्तक वाचणे अवघड झाले होते, त्यानेच हजारो मुलांच्या हाती संगीताची पुस्तके दिली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंडितजींना केवळ गवई घडवायचे नव्हते, शिक्षक घडवायचे होते. त्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. या वर्गातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय विद्यालयातच होती. त्यांनी शिस्तीने राहावे, स्वच्छ कपडे घालावेत, वेळ पाळावी, व्यसनापासून दूर राहावे, असा पंडितजींचा आग्रह असे. मुली आणि स्त्रिया यांच्यासाठीही त्यांनी संगीताचे शिक्षण खुले केले. त्या काळात हे मोठे धाडस होते.

१९०८ साली त्यांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. तेथे काम फार वाढले. वाद्ये बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा कारखानाही निघाला. विद्यालयासाठी त्यांनी कर्ज काढून मोठी इमारत बांधली. जलसे करून पैसे मिळवावेत आणि हप्ते फेडावेत, असा त्यांचा क्रम होता. पण खर्च मोठा आणि उत्पन्न अनिश्चित. कर्ज फिटेना. अखेर १९२४ च्या सुमारास ती इमारत हातची गेली. ज्या वास्तूत सकाळ-संध्याकाळ सूर घुमत असत, ती परक्याची झाली.

दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. घरातही त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले होते. त्यांची एकामागून एक अनेक मुले लहानपणीच वारली. पंडितजी नाशिकला आले. तेथल्या आश्रमात भजन आणि अध्यापन यांत त्यांनी उरलेले आयुष्य घालवले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. ज्या गावी त्यांचे गाणे सुरू झाले, त्याच गावी ते थांबले.

पण खरोखरच थांबले का? इमारत गेली होती, माणसे राहिली होती. पंडितजींनी घडवलेले शिष्य देशभर पसरले होते. त्यांनी १९३१ मध्येच एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशा शिष्यांनी ठिकठिकाणी संगीताची रोपे लावली. पंडितजींचा मुलगा दत्तात्रेय वडील गेले तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी त्याला जवळ घेऊन शिकवले. हाच मुलगा पुढे डी. व्ही. पलुसकर या नावाने देशात गाजला. १९५२ च्या बैजू बावरा या चित्रपटात त्यांनी आणि उस्ताद अमीर खाँ यांनी मिळून गायलेली जुगलबंदी आजही लोक आवडीने ऐकतात. दुर्दैवाने १९५५ साली ऐन तारुण्यात त्यांचेही निधन झाले.

आज आपल्या परिसरातली मुले ज्या परीक्षांना बसतात, त्यांपैकी पुष्कळ परीक्षा याच मंडळाच्या असतात. प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि पुढे अलंकार अशा त्या पायऱ्या आहेत. गायन, वादन आणि नृत्य या तिन्ही कलांच्या परीक्षा होतात. पहिल्या पायऱ्या वर्ष-सहा महिन्यांत चढता येतात. विशारदपर्यंत पोहोचायला मात्र कित्येक वर्षे नेमाने मेहनत करावी लागते.

कधी कधी पालक विचारतात की, गाणे शिकून मुलाला काय मिळणार? हा प्रश्न खोटा नाही. कारखान्यात दिवसभर राबून मुलांना शिकवणाऱ्या आईबापांना तो पडणारच. त्याचे उत्तर प्रमाणपत्रात नाही. तालात वाजवायचे तर मन एकाग्र करावे लागते. चूक झाली तर तोच बोल पन्नास वेळा घोकावा लागतो. साथीदाराचे ऐकूनच आपले वाजवावे लागते. ही सवय ज्याला लागली, तो गणितातही मागे पडत नाही आणि कामातही. प्रत्येक मूल मोठा गवई होणार नाही. पण ऐकायला शिकलेला माणूस घरात, कारखान्यात आणि मोहल्ल्यात सगळ्यांनाच हवासा वाटतो.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्या वर्गातला एखादा मित्र संगीताच्या परीक्षेचे प्रमाणपत्र घेऊन आला, तर त्याचे मनापासून कौतुक करा. त्या कागदामागे त्याची मेहनत आहे. आणि त्याच्याही मागे, अधू डोळ्यांनी लाहोरपर्यंत चालत गेलेल्या एका माणसाची जिद्द आहे.

शब्दार्थ
अधू – कमजोर, पूर्ण काम न करणारे
कीर्तनकार – गात गात धार्मिक कथा सांगणारा
राजाश्रय – राजाने दिलेला आधार
जलसा – गाण्याचा कार्यक्रम
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न
पोटात खड्डा पडणे – फार भीती किंवा काळजी वाटणे

स्वाध्याय
१. डॉक्टरांनी विष्णूला गाणे शिकवण्याचा सल्ला का दिला?
२. विष्णू दिगंबरांनी राजाश्रय का सोडला?
३. लाहोरच्या विद्यालयातील तीन नव्या गोष्टी लिहा.
४. इमारत गेली, माणसे राहिली, असे लेखक का म्हणतो? पाच-सहा ओळींत लिहा.
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे संगीतातील पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.