मेजर-जनरल लॅकलन मॅक्वारी

पडलेल्या मनुष्यांस हात देऊन उभे करणारे म्हणून ज्यांचे नाव ऑस्ट्रेलियात राहिले, त्या एका शूर सेनानीचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहो.

मॅक्वारी यांचा जन्म स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील उल्वा बेटावर ३१ जानेवारी १७६२ रोजी झाला. लहानपणीच ते पलटणीत शिरले. १७८८ साली ते मुंबईस आले व १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होते. त्यांची पहिली पत्नी जेन क्षयाने वारली. तिला मुंबईसच मूठमाती देण्यात आली.

पुढे १ जानेवारी १८१० रोजी त्यांनी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स वसाहतीचा कारभार हाती घेतला. विलायतेतील गुन्हेगारांस काळ्या पाण्यावर धाडीत, ते याच ठिकाणी. शिक्षा भोगून सुटलेल्यांसही तेथील प्रतिष्ठित लोक आपल्या पंक्तीस घेत नसत. मॅक्वारी यांनी ठरविले की, जो सुधारला त्याचा मागील दोष मोजू नये. अँड्र्यू टॉमसन चोरीबद्दल तेथे आला होता. पण हॉक्सबरी नदीच्या पुरात त्याने अनेकांचे प्राण वाचविले होते. त्यास त्यांनी मॅजिस्ट्रेट नेमिले. खोटा दस्तऐवज केलेल्या फ्रान्सिस ग्रीनवेकडून दीपगृह व प्रार्थनामंदिरे बांधविली. अशांस ते आपल्या घरी भोजनासही बोलावीत.

पुष्कळांस हे रुचले नाही. तेथील वडील पाळक सॅम्युएल मार्सडेन यांनी टॉमसनबरोबर सडकेच्या पंचमंडळावर बसण्याचे नाकारिले. उधळ्या पुत्राचा वडील भाऊ असाच घराबाहेर उभा राहिला होता.

परंतु आम्ही सत्य झाकीत नाही. मॅक्वारी यांनी १८१५ साली त्या देशाच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा काढिली. आणि १८१६ च्या एप्रिलात त्यांनीच पाठविलेल्या शिपायांनी ॲपिन येथे त्या लोकांपैकी निदान १४ जणांचा प्राण घेतला. त्यांत बायका व मुलेही होती. कैद्यांवर दया करणाऱ्याची दया येथे आटली.

लंडनहून चौकशीस आलेल्या बिग साहेबांनी कैद्यांवरील त्यांच्या मेहेरबानीस दोष दिला. १८२२ साली मॅक्वारी परत निघाले व १ जुलै १८२४ रोजी लंडनात मरण पावले.

प्रिय बंधुभगिनींनो, दारू सोडलेला किंवा तुरुंगातून सुटलेला मनुष्य आपल्या मंदिराच्या दाराशी आला, तर आपण त्यास आपल्या शेजारी बसवितो काय? आणि जो आपल्या मंडळीचा नाही, आपल्या भाषेचा नाही, त्याच्यासाठी आपली दया कोठवर पोहोचते? प्रभूने तिला कुंपण घातलेले नाही.