गादीचे ऋण आणि रयतेचा सारा

राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली ती 1895 साली, गुळाच्या व्यापारासाठी. त्याच वर्षी 28 मे रोजी कोल्हापुरात माधवराव बागल यांचा जन्म झाला. पेठ आणि माणूस एकाच वयाचे. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले आणि बागल हे नाव नव्या पिढीला ठाऊक आहे ते बहुधा रिक्षावाल्याला सांगायच्या चौकापुरते. शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट खटकते, म्हणून हा लेखनप्रपंच.

माधवरावांचे वडील खंडेराव हे वकील आणि सत्यशोधक चळवळीतले पुढारी. 'हंटर' हे साप्ताहिक ते चालवत. मुलाचा ओढा मात्र रंगांकडे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले. निसर्गचित्रे हा त्यांचा आवडता प्रांत. तेवढेच करत राहिले असते तरी आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या या कलानगरीत त्यांचे नाव राहिले असते. पण 'हंटर'साठी लेखणी हातात आली आणि कुंचल्याच्या वाट्याला उरलासुरला वेळ आला.

मी नोकरीतली बरीच वर्षे बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. त्या टेबलावर एक गोष्ट पक्की कळते. मालाचा भाव पडला म्हणून हप्ता कमी होत नाही. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, आणि शेतसारा तर रोख भरायचा. आदल्या वर्षी चार पोती विकून भागत होते, तिथे आता सहा विकली तरी पुरेनात, असा तो हिशेब. मग सावकाराचा उंबरा आलाच. माधवरावांनी हे दुखणे ओळखले. 'बेकारी व तीवर उपाय' यासारखी पुस्तके त्यांनी लिहिली, आणि लिहून न थांबता ते खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांत गेले.

खरा पेच इथेच होता. सारा घेणारे सरकार इंग्रजांचे नव्हते. ते कोल्हापूरच्या छत्रपतींचे होते. ज्या गादीवरून शाहू महाराजांनी 1902 साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या आणि पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तीच ही गादी. बहुजन समाजावर तिचे उपकार केवढे! तिच्या दरबारापुढे सत्यशोधकाच्या मुलाने दंड थोपटायचे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे काय? असा प्रश्न कुणाच्याही मनात यावा.

माधवरावांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. 6 फेब्रुवारी 1939 रोजी जयसिंगपूर येथे प्रजा परिषदेची स्थापना झाली, आणि माधवराव तिचे पुढारी होते. साऱ्यात सूट हवी आणि राज्यकारभार प्रजेला जबाबदार हवा, या तिच्या मुख्य मागण्या. गंमत अशी की जयसिंगपूरही शाहू महाराजांनीच आपल्या जन्मदात्या वडिलांच्या नावाने वसवलेले. दरबाराने धरपकड केली, माधवरावांना तुरुंग पाहावा लागला. रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखे सहकारी पुढे लढत राहिले. अखेर 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

एवढे होऊनही शाहू महाराजांविषयीचा त्यांचा आदर तसूभरही कमी झाला नाही. थोरल्या माणसाचे ऋण फेडायचे ते त्याच्या वारसांपुढे मान तुकवून नव्हे. त्याने ज्यांच्यासाठी देह झिजवला त्यांची बाजू घेऊन. माधवरावांच्या आयुष्याचा अर्थ मला असा लागतो. आपल्या घराघरांतही हा पेच असतोच. वडिलांच्या मित्राने नोकरी लावून दिलेली असते, आणि एक दिवस त्याच्याच संस्थेतला अन्याय डोळ्यांसमोर येतो. अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात.

9 डिसेंबर 1950 रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, ते माधवरावांच्या पुढाकाराने. बाबासाहेब तेव्हा हयात होते. मोठेपण ओळखायला माणूस जाण्याची वाट कशाला पाहायची? पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते उतरले. 'कोल्हापूरचे कलावंत' लिहून त्यांनी कुंचल्याचे देणेही फेडले. 1972 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. 6 मार्च 1986 रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, ते गेले.

बिंदू चौकातून जाताना मुले ते पुतळे कुणाचे हे चटकन सांगतात. ते तिथे कुणी उभे केले, हेही त्यांना सांगायला हवे. आणि तो माणूस ज्या गादीला मानत होता तिच्याच दरबाराशी रयतेच्या साऱ्यासाठी भांडला, हे तर आवर्जून सांगायला हवे.